फाटकावर

माउनच्या खाली, लाळ-खुरकुताच्या भीतीनं घातलेलं कुंपण.
पाच तारा, मधे ओतसिलेची टपरी.
येणाऱ्यानं आधी औषधात भिजलेल्या
गोणपाटावर पाय द्यायचे,
मग पिशवी उघडायची.

आज पिशवी बहिणीची आहे.
पलीकडल्या गावात दिलेली केनेइल्वे
आईला माती द्यायला निघालीय,
वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या घेऊन.
आईला आवडायच्या तशाच, खारट.

‘हे नाही जायचं,’ तो म्हणतो.
‘मीही त्याच गोठ्यातनं आलेय,’ ती म्हणते,
‘मला कसं सोडतोस?’
वहीत तसा रकाना नाही.

काल रात्री तारेखालून कोल्हा गेला,
त्याला कुणी पाय पुसायला लावले नाहीत.

ती तिथंच बसते, पल्याड,
एकेक पट्टी चावत राहते.
रडतानाही चावता येतं,
हे त्याला माहीत नव्हतं.
शेवटची उरते.
ती तारांमधून हात पुढे करते.

तो रस्त्याकडे बघतो. कुठंच धूळ नाही.
सरकारी टोपी काढून खुर्चीवर ठेवतो,
आणि कुंपणच खातं.

मीठ जास्तच पडलंय.

मग वहीत लिहितो:
मांस, थोडे. नष्ट केले.