शुक्रापलीकडे, भाग नववा

हसा. मीही हसते.
चोपड्यात अजून कुणी फार मोठ्या गप्पा हाणल्या
की लोक म्हणतात,
बस भो, शुक्रापलीकडे चालला.

ग्रह बर्फाचा होता म्हणे.
शूटिंग मे महिन्यात, तापीकाठच्या घळीत,
मिठाच्या गोण्या ओतून.
पंचेचाळीस डिग्रीत कप्तान थंडीनं कुडकुडायचा
आणि हनुवटीवरचा घाम टपकन मिठात पडायचा.
तिथे एक भोक.
कॅमेऱ्यानं ते टिपलंय. दुसऱ्या भागात, बघा.

यंत्रमानव म्हणजे झिपरू मिस्त्रीचा कूलर,
वाळ्याची ताटी काढून दिवे लावलेले.
चालला की पोटात पाणी हिंदकळायचं.
निर्जीव ग्रहाच्या डाव्या कोपऱ्यात केळीचं पान,
दर भागात जरा वाढलेलं.
आम्ही पोरं गोष्ट सोडून पानच बघायचो.

संवाद तर विचारू नका.
"हे विश्वा!" करून कप्तान एवढं बोलायचा
की शत्रूचं यान बिचारं थांबून राहायचं
त्याचं आटपेपर्यंत.
खलनायक कोण, हे बाराव्या भागापर्यंत
लिहिणाऱ्यालाच ठरवता आलं नाही.
तेराव्यात त्यानं सगळ्यांना मारून टाकलं.

अकरा पोशाख माझ्या बापानं शिवले.
लोटन शिंपी, पिठाच्या गिरणीशेजारी.
चंदेरी रेक्झिन, स्कूटरच्या सीटचं.
तीन सुया मोडल्या, मशीनचा पट्टा तुटला.
मुंबईचा माणूस घाईत: माप कशाला, अंदाजे शिवा.
बाप म्हणाला, "माया सोडेल शे. लागनी ते उसवी ल्या."
त्याला काही कळलं नाही.
घरी येऊन बाप आईला म्हणाला,
वर गेल्यावर माणूस फुगतो की आटतो, कोण सांगणार.
सहाव्या भागात कप्तानाची चेन फाटली,
अख्ख्या देशासमोर.
दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पण नववा.

पैसे संपले होते म्हणतात.
एकच खोली, एकच बाई.
संदेशकक्षातली शर्वाणी, कानाला डबडं लावून
हरवलेल्या यानाला हाक देते, मग थांबते.
पुन्हा हाक. पुन्हा थांबते.
पेटी वाजवणाऱ्यालाही पैसे मिळाले नसणार,
त्यामुळे शांतता खरी होती,
कुठल्यातरी पंख्याच्या घरघरीसकट.
मध्येच ती बूट काढते, तळपाय चोळते.
आठ भागांत एकाही वीराचे पाय दुखले नव्हते.

गिरणीवाल्यांच्या ओट्यावर टीव्ही, चाळीसेक माणसं,
कुणी शेंग फोडली नाही.
धनूमावशी, जिचा नवरा
सुरतेला जाऊन येतो म्हणून गेला होता,
उठून टीव्हीला खेटून बसली.
आम्हाला अर्धाच पडदा दिसे.
तिला सरक म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

आणि लाइट गेली.

पस्तीस वर्षं मला शेवट माहीत नव्हता.
परवा भाच्यानं मोबाइलवर शोधून दाखवला.
शेवट वाईट आहे.
दार उघडतं, कप्तान आत येतो, "हे विश्वा!"
भाचा पोट धरून हसला.
मी मागे नेलं, ती बूट काढते तिथवर,
आणि बोटानं थांबवलं.
वाकल्यामुळे बाही उलटलीय.
आत दुमडलेली पट्टी दिसते, चांगली दोन बोटं,
टाके निळ्या दोऱ्याचे.
चंदेरी रीळ संपलं असणार.

म्हणजे भारी होती का भंगार, भाचा विचारतो.
काठोकाठ बेतलेली, म्हटलं, म्हणून जागोजागी उसवली.
इथे तेवढी थोडी माया राहून गेली.
त्याला काही कळलं नाही.

मावशीला दाखवू का, म्हणाला,
आता दिसतं तिला, मोतीबिंदू काढलाय.
नको, म्हटलं.
तिच्यासाठी लाइट गेलेलीच बरी.