मुठीच्या आतलं नाव

नुकादा बाई पहिल्या बसनं ओसाफुनेला आल्या.
तलवार सासऱ्यांच्या किमोनोच्या पट्ट्यात गुंडाळलेली,
वर दुधाच्या पिशवीचं रबर.
"नातीच्या कॉलेजची फी भरायचीय," म्हणाल्या,
आणि लगेच, "तसं काही नाही."

मुठीतली बांबूची खुंटी काढली.
डाव्या हातात तलवार उभी धरून
मनगटावर उजव्या मुठीचा ठोका दिला.
पातं आतून अंगठाभर उडालं,
सत्तर वर्षं कुणी न उठवलेलं.

नाव शेवटी वाचायचं, हा नियम.
आधी पाठीचा बाक,
मग धारेलगतचं धुकं, दिव्याखाली तिरकं धरून.
पातं चांगलं होतं.
साडेचारशे वर्षांपूर्वी कुणा साध्या माणसानं
फौजेसाठी गठ्ठ्यानं घडवलेल्यांतलं एक,
आणि तरी मन लावून.
त्यानं सही केली नसणार. त्याला कोण विचारत होतं?

मग नाव.
ज्याच्या हातात तलवार, त्याच्याच तळव्याखाली
झाकलेलं असतं ते.
दोन अक्षरं. मोठं घराणं.
तो लोहार सही घाईत करायचा,
दुसऱ्या अक्षराची शेवटची रेघ अर्ध्यावर सोडायचा,
जणू आतून कुणी जेवायला हाक मारली.
इथे रेघ शेवटपर्यंत गेलेली.
वळणदार. गिरवलेली.
भिंगाखाली छिन्नीचे ठोके मोजले: सात.
त्याला चार पुरायचे.
कडेला गंजाचे बारीक टवके उडालेले,
म्हणजे गंज आधीचा, नाव नंतरचं.
भोवतीचा गंज आटवलेल्या चहासारखा काळा,
रेघेतला कोवळा,
फार तर माझ्या वयाचा.

माझ्या वयाचा.

पुन्हा भिंग लावलं.
पाचवा ठोका उजवीकडे कललेला. सहावाही.
डाव्या अंगठ्याचं पेर वाकडं असलं
की छिन्नी अशी कलते.
युद्धाच्या कारखान्यात मोडलं होतं ते पेर.
त्याच अंगठ्याखाली माझा अंगठा दाबून
ओकित्सु गुरुजींनी मला पहिली रेघ मारायला शिकवली,
नऊ वर्षांचा होतो,
आणि म्हणाले होते, "खोटं ओळखायचं असेल
तर आधी खरं हजारदा पाहा."
खोट्याबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत.

बाई सांगत होत्या:
त्या उपाशी हिवाळ्यात सासरे ही विकायला निघाले,
परदेशी अधिकारी सही असलेलीच घेत म्हणे,
आणि स्टेशनवरून परत आले. का, ते सांगितलं नाही.
घरात त्या रात्री मुळ्याची पानं उकडली.

"खरी आहे का?"
"पातं खरं. सही नाही."
त्यांनी सातूच्या चहाचा कप दोन्ही हातांत धरला.
"मग कुणाची आहे?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या छापील अर्जावर त्याला रकाना नाही.

रीत अशी, की खोटं नाव कानशीनं घासून काढायचं.
मग निनावी पात्याला कागद मिळतो,
कागदाला किंमत.
"घासा," बाई म्हणाल्या, जशी भाजी निवडायला सांगावी.
गुरुवारी या म्हटलं.

कानस त्यांचीच आहे.
मुठीच्या लाकडाला वाकड्या अंगठ्याचा खळगा,
माझा अंगठा त्यात अजून नीट बसत नाही.

रात्री सहीवर पातळ कागद ठेवून
शाईची वडी फिरवली. अक्षरं उमटली:
आधी टवके, मग रेघा, मग ते कलणं.
त्या मोठ्या लोहाराच्या खणात हा ठसा जाणार नव्हता.
नवं पाकीट घेतलं. वर लिहिलं:
ओकित्सु रोकुया.
खाली, लहान अक्षरात: अस्सल.

हात थोडा कापला. तोही राहू दिला.