तीळ

मॅडम म्हणतात टीआयएल.
मी पहिल्या दिवसापासून तीळच ऐकत आलो.
दिसतातही तसेच:
भिंगाखाली गुलाबी कापडावर जांभळे दाणे,
कुणाच्या पदरातून सांडल्यासारखे.

पण सांडलेले नाहीत. आलेले आहेत.
रक्तातून वाट काढत, न बोलावता.
गावात चोर शिरल्याची हाळी होताच
हाताला लागेल ते घेऊन माणसं निघावीत,
कुणी मुसळ, कुणी चुलीतलं जळतं लाकूड,
तसे गाठीच्या पेशींभोवती
कडं करून उभे.

माझं काम कोठीतलं.
स्तनाच्या गाठींच्या मेणातल्या वड्या,
अकरा वर्षांमागच्या,
बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलेल्या.
मे महिन्यात गोंदियाचं ऊन असं
की मेणाला घाम फुटतो.
मग वडी बर्फावर ठेवायची, पात्याला लावायची
आणि चार मायक्रॉनची साल काढायची,
श्वास धरून. नाहीतर उडते.

मॅडम मोजतात.
शेकडा पाच. शेकडा चाळीस. शून्य.
आधी त्या गाठी, ज्यांत तिन्ही रिसेप्टर नाहीत,
ज्यांच्यावर रोजची गोळी चालत नाही.
तिथं म्हणे तीळ जास्त
तर बाई जगण्याची शक्यता जास्त.
मॅडम माझा "म्हणे" खोडतात.
मग थोडं थांबून
"शक्यता"खाली रेघ मारतात.

आकड्यापुढचा रकाना माझा:
आहे, की नाही.

त्यासाठी फोन.
दवाखान्यातून बोलतो म्हटलं
की पलीकडे आधी शांतता,
मग, "पैसे बाकी हायेत का जी?"
निम्मे नंबर बंद. पळसटोल्याला एका पोरानं उचलला.
"आजी तं कवाच गेली."
कधी रे?
"मी पाळण्यात होतो."
पाळण्यावरून मी साल काढलं.
तिच्या काचेवर तीळ होते, शेकडा पन्नास,
आणि तरी.
शून्यवाली एक मात्र
अंगणवाडीत खिचडी शिजवते अजून,
माझ्याशी बोलता बोलता
कुणाला तरी ताट धुवायला सांगत होती.
असे दोनचार निघतात.
बाकीच्या बऱ्याचशा मॅडमच्या रेघेवर येऊन बसतात,
वरखाली, पण बसतात.

वडी नंबर चारशे अठरा.
सयत्राबाई वलथरे, शेकडा सत्तर.
इतके तीळ
की मॅडमनी मला बोलावून दाखवले होते.
फोन सुनेनं घेतला.
"माय तं बोडीत हाय, शिंगाडे काढून रायली.
थांबा, आवाज देतो."
मग चिखलातली पावलं, बदकं,
आणि लांबून, पाण्यावरून,
छातीएवढ्या पाण्यात उभ्या बाईचा खणखणीत आवाज:
"कोन हाय थो मेला?"

मी रकान्यात लिहिलं, जिवंत.

हात पुसत आली असावी. फोन ओला वाजत होता.
"अकरा वर्सांनं काहून आठोन झाली?"
काय सांगणार.
पेशी म्हणालो, ते तिला पोचलं नाही.
शेवटी म्हणालो, मावशी, तुमच्या गाठीत तीळ होते.
"तीळ?"
म्हणजे राखणदार समजा. गाठीवर चालून आलेले.
तुमच्याच रक्तातले. पुष्कळ होते.
तिनं ऐकून घेतलं. मागं कुणीतरी
टोपलीत शिंगाडे ओतत होतं.
"मंग थे बिचारे कुठी गेले?"

मी म्हणालो, बघून सांगतो.

फोन ठेवला. डब्याचं झाकण उघडं होतं.
गाठ काढली तेव्हा त्यांच्यासकटच काढली होती.
चारशे अठरा.
मेणात, कडं तसंच धरून,
चोर मधे.