दहा शब्दांत

रूवीच्या घड्याळ-चौकापासून चालत सात मिनिटं,
आमचं दुकान. दुकान कसलं, छपराखालची आख्खी पेठ.
मी लकी ड्रॉच्या टेबलावर बसतो.
पावती बघायची, पाच रियालला एक कूपन फाडायचं,
दोरीला बांधलेलं पेन कोणी नेत नाही ना, पाहायचं.

सोळा वर्षांत एवढंच शिकलो:
काय देता ते नंतर, कधी देता ते आधी.
वीस तारखेला सोन्याचं नाणं मांडा, माणसं बघून पुढे जातात.
पगाराच्या संध्याकाळी प्लास्टिकचा डबा मांडा,
रांग पार्किंगपर्यंत.
एका वर्षी मुख्य कचेरीने, कुठल्याशा थंड गावातून,
ठरवून पाठवलं: भर दुपारी फुकट सरबत.
तो रोज्यांचा तिसरा दिवस होता.
भरलेले पेले शाजीने आणि मी
मागच्या मोरीत ओतले, कोणाकडे न बघता.

मग ती जुलैतली स्पर्धा. पन्नास ग्रॅम सोनं.
'मला हे दुकान आवडतं, कारण...'
वाक्य पूर्ण करा, दहा शब्दांत.
चार हजार कूपनं. स्वस्त, मस्त, विश्वास, विश्वास.
एकाने तर आमचीच जाहिरात आम्हाला परत लिहून दिली.
एक कूपन कोणालाच वाचता येईना, म्हणून मला हाक मारली.
कोपऱ्यात सिमेंटचा अंगठा. अक्षर शाळेतलं, रेघ धरून.
धाकू सोनू गोठणकर.
'हंय गार वाटता.'
तीन शब्द. सात त्याने स्वतःकडे ठेवले.

परीक्षकांना सवड मिळाली डिसेंबरात.
खिडक्या उघड्या, डोंगरावर मऊ ऊन.
मी अर्थ सांगितला. राजगोपालन साहेब म्हणाले, बरं, मग?
मला सांगता आलं असतं,
की उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन बांधकामं बंद असतात,
ती माणसं आत येतात, काही घेत नाहीत,
दह्याच्या फ्रिजसमोर उभी राहून
डब्यांवरच्या तारखा वाचत बसतात.
पाच रियालचं त्याने काय घेतलं असेल?
मी विचारलं नाही, सांगितलंही नाही. चहा आला.
सोनं गेलं यमक जुळवणाऱ्या एका बाईंना.
सरकारी माणसाने शिक्का मारला.

जूनमध्ये पुन्हा बैठक. साहेब मान पुसत होते.
नवी ओळ पाहिजे, म्हणाले, एकच, पण लागली पाहिजे.
आणि माझ्या तोंडून गेलं: इथे गार वाटतं.
आधी कोणीच बोललं नाही. मग टाळ्या.
चार भाषांत फलक लागला, मराठी सोडून.
मला मिक्सर मिळाला. अजून खोक्यात आहे.

कूपन मात्र मी पाकिटात ठेवलं होतं.
तिसऱ्या शुक्रवारी नंबर फिरवला.
कोवळा आवाज, मोडकी हिंदी:
धाकू कोण? हे कार्ड मला परवाच मिळालंय.
मग जरा थांबून, हलक्या आवाजात:
मला काही लागलंय का?
मागे लोखंड आपटत होतं.
मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं.
म्हटलं, वीस मिनिटांनी सुटशील ना, मग ये.
त्याला नीट ऐकू गेलं नसावं.
कुठे, विचारत होता. कुठे, कुठे.