चेनेज सात-चारशेवीस

पहिल्या टप्प्यात नुसत्या खुंट्या.
चुन्याची रेघ गोपीचंद सहारेच्या तुरीतून
सरळ निघून गेली.
मी स्टाफ धरून उभा.
साहेबांची दुर्बीण जुनी, तिच्यात माणूस उलटा दिसतो.
तिकडून ओरडायचे, डावीकडे, अजून थोडं डावीकडे,
आणि माझ्या डावीकडे
बाभळीला लागलेलं आग्यामोहोळ.

मग निधी संपला.
खुंट्यांवर वालाचे वेल चढले.

दुसऱ्या टप्प्यात फक्त पूल.
नाल्यावर तीन गाळे, कठडे, कोनशिला,
दोन्ही टोकांना रस्ता नाही.
वाक्यातला मधलाच एक शब्द
कोणी आधी लिहून ठेवावा
आणि उठून जेवायला जावं, तसा.

वच्छला नेवारेनं बांबूची शिडी लावली
आणि पुलावर मिरची वाळत घातली,
भिवापुरी, बारकी, लालजर्द.
चार उन्हाळे.
नागपूरहून तपासणीला आलेले इंजिनियर
शिंकत शिंकत खाली उतरले,
अहवालात लिहिलं: पूल वापरात आहे.

मे महिन्यात पोट्टे रात्री तिथंच झोपायचे.
नाल्यात थेंब नसला तरी
पुलाखालून वारा येतो,
हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

तिसऱ्या टप्प्यात मुरूम आला. रात्रभर डंपर.
थर टाक, पाणी मार, रोलर फिरव,
पुन्हा थर.
भराव चढत गेला तसा पूल बुटका होत गेला.
शिडीची एकेक पायरी मातीत गेली.
वच्छलाबाई रोलरसमोर येऊन म्हणाली,
"वरच्या दोन त काढून दे गा, चुलीले होतीन."
ड्रायव्हर बिहारचा. त्याला भाषा कळली नाही,
पण त्यानं रोलर थांबवला.

पंक्चरवाला अस्लमही टप्प्याटप्प्यानं हलला.
आधी बायपासच्या कडेला एक टायर टांगून आला,
पंधरा दिवसांनी बाज नेली,
मग हातगाडीवर कॉम्प्रेसर,
सगळ्यात शेवटी आईला.
ती रोज संध्याकाळी विचारते,
आपण गावाच्या कोणत्या बाजूला आहोत?

डांबर पडलं तेव्हा मी तिथं नव्हतो.
काटोलकडे दुसऱ्या कामावर होतो,
संत्र्यांच्या बागेत, दुसऱ्या साहेबांसमोर
उलटा उभा.

परवा पहिल्यांदाच त्या रस्त्यानं गेलो, एस.टी.त.
पूल तीन सेकंदांचा आहे.
मी मोजले.
खिडकीतून हात बाहेर काढून
कठडा ओळखायला गेलो, तर सगळे कठडे
एकाच पिवळ्या-काळ्या रंगाचे.
कंडक्टरनं विचारलं, कुठलं?
माझ्या तोंडून निघालं, सात-चारशेवीस.
पंच वाजवत तो म्हणाला,
तिथं थांबा नाही.