वर्ना हिएतालाचं शेवटचं परिपत्रक

सव्वीस वर्षं वर्ना हिएताला परिपत्रकं काढतेय.
आग लागली तर. गॅस गळला तर.
तळ्यावरून बर्फाचं वादळ चालून आलं तर.
आम्ही, डलूथच्या पाणीबिल खात्याचे चौदा जण,
त्यांच्यावर कॉफीचे मग ठेवतो.
कागद जाड असतो, टेबलावर डाग पडत नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले
तेव्हा तिने एकच शब्द बदलला:
'आग' खोडून लिहिलं 'झोंबी'.
आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता
बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या.

वर्ना म्हणाली, झोंबी हळू चालतो, पण थांबत नाही.
समजावून सांगितलेलं त्याला कळत नाही,
एकच गोष्ट धरून बसतो,
आणि त्याला फक्त तुमचं डोकं खायचं असतं.
तक्रार खिडकीवरची पा हुआ म्हणाली,
म्हणजे आपले नेहमीचेच. टोकन द्यायचं ना?

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पाहिले होते आम्ही
(वसुली विभाग, तिसरा मजला),
पण मढंच आपली टाळू शोधत येणार
हे नवीन होतं.

गुन्नार स्कारने विचारलं,
चावा जेवणाच्या सुट्टीत बसला तर भरपाई मिळते का?
वर्ना म्हणाली, अर्ज चोवीस तासांत,
सही स्वतःच्या हाताने,
हात असेपर्यंत.
मेल्यावर आजारपणाची रजा नाही.
पुन्हा उठलात तर मात्र रुजू झाल्याचं लिहून द्या.

हत्यारं: स्टेपलर, बर्फ उपसायचं फावडं,
आणि अठ्ठ्याण्णव सालच्या थकबाकीची फाइल,
जी नुसती दाखवली तरी जिवंत माणसं पळतात.
लिफ्ट की जिना? वर्नाने विचारलं.
जिना! आम्ही एका सुरात ओरडलो,
शाळेत पाढे म्हणावेत तसे.
पहिल्या परिपत्रकात हेच होतं.
माझा मग त्याच ओळीवर असायचा.

नियम नववा:
ओळखीचा चेहरा दिसला तरी दार उघडू नये.
ओळखीचा दिसला तर मुळीच नाही.

मग नवा पोरगा टोल्लेफ, ज्याला अजून
काय विचारू नये ते कळत नाही,
म्हणाला, तळघरात दिवा असतो तो कुणाचा?

खोलीत हीटरचा आवाज मोठा झाला.
एल्मर बोल्यू. मीटर दुरुस्त करतो.
डाव्या कानाने ऐकू येत नाही,
आणि घंटा तळघरात वाजतच नाही.
त्याने एकदा सांगितलं होतं मला, कॉफी मशीनपाशी.
मी 'अरे वा' म्हणाले होते.

गुरुवारी सराव. उणे एकोणीस.
वारा असा की झोंबीच्या आधी तोच झोंबला.
डेल ओडेगार्ड झोंबी झाला होता,
टोमॅटो सॉस गालावर थिजून खरंच भयंकर दिसत होता.
आम्ही जिन्याने उतरलो, अंगण ओलांडलं,
बसच्या गॅरेजमध्ये शिरलो, दार लावलं.
पा हुआने एल्मरला बाहीला धरून आणलं होतं,
त्याच्या हातात अर्धं उघडलेलं मीटर,
चेहऱ्यावर भलत्याच लग्नाला आल्याचा भाव.

वर्नाने मोजलं. चौदा.
पूर्ण! आम्ही टाळ्या वाजवल्या.
पूर्ण कसे? ती म्हणाली. एल्मर धरून पंधरा आहोत आपण.

तेवढ्यात दारावर थाप.
अरे, मी डेल! कार्ड आत राहिलंय! कान गेले माझे!
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
नियम नववा, गुन्नार पुटपुटला.
सव्वीस वर्षांत आम्ही पहिल्यांदाच
काहीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं,
आता ते मोडायचं कसं?
वर्नाही हलली नाही. तिचे डोळे भरले होते,
थंडीने असेल.

शेवटी एल्मर उठला.
मीटर खाली ठेवलं, हात पुसले,
काचेतून तो लाल, हुडहुडणारा चेहरा नीट पाहिला,
आणि दार उघडलं.

त्याला परिपत्रक कुणी दिलंच नव्हतं.