टोक

कार्तागोत सहा वाजताच धुकं उतरतं
इराझूवरून, ओल्या गोणपाटासारखं.
चार नंबरच्या प्रयोगशाळेची किल्ली
ग्रेविनने पहारेकऱ्याकडून मागून आणली,
तीही नऊपर्यंतच्या बोलीवर.

दारावर कागद डकवला:
हाताने शिका. वैद्यकीय उपकरणं.
खुर्च्या आपापल्या आणा.
खुर्च्यांचं आपलं गमतीत.
एकजण खरंच घेऊन आला.

सात जण.
त्यातले दोघे कॉफीसाठी.

तीन वर्षं आम्ही हृदय फळ्यावर काढत होतो.
झडपा, दाब, बाणाबाणांनी वाहणारं रक्त,
पैकीच्या पैकी मार्क.
पण ज्याच्या पेट्या रोज रात्री
आमच्याच रस्त्याने विमानतळाकडे जातात
ते कॅथेटर
आमच्यातल्या एकानेही हातात धरलं नव्हतं.

ला लिमातल्या कारखान्यांना चौदा पत्रं धाडली.
एकाचं उत्तर आलं: कळवू.
एकाने नाव छापलेल्या टोप्या पाठवल्या, पाच.
आम्ही सात.

योर्लेनी बराच वेळ टोपीची शिवण उसवत बसली होती.
मग म्हणाली,
माझी आई येईल. पण ती इंजिनिअर नाही हं.

दोन्या फ्लोरिबेत दिवसपाळी उरकून आली,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ तसाच.
पिशवीत नापास झालेले बारा तुकडे,
सुपरवायझरच्या सहीच्या पावतीसकट.
अठरा वर्षं ती भिंगाखाली
एवढं एक टोक बघते आहे.

आधी हात धुवा, म्हणाली.
धुतले.
आता नीट धुवा.

मग एकेकाच्या बोटावरून टोक हलकेच ओढलं.
लागतंय?
नाही.
तुला नाही लागत. शिरेला लागतं.

ग्रेविनने वही उघडली. किती मायक्रॉनपर्यंत चालतं?
ती विचारात पडली,
पाठ नसलेलं उत्तर शोधतात तशी.
डोळ्यात कुसळ गेलंय कधी?
त्याहून कमी. खूपच कमी.
ग्रेविनने तसंच लिहून घेतलं, आकड्याच्या रकान्यात.

मंडळाच्या नोंदणीचा अर्ज होता.
मार्गदर्शकाची पदवी: आम्ही लिहिलं, अठरा वर्षं.
अर्ज परत आला.
मग प्राध्यापक सोलेरा यांची सही घेतली.
ते भले गृहस्थ आहेत,
अजून एकदाही आलेले नाहीत.

गुरुवारी आता अकरा जण असतात.
पहारेकरी नऊला किल्ल्या वाजवतो,
सव्वानऊला पुन्हा वाजवतो,
मग दारातच उभा राहून बघतो.

काल डोळे मिटून टोक फिरवताना
मला पहिल्यांदा काहीतरी लागलं.
केसाएवढं. केसाहून बारीक.
मी ओरडलोच. सगळे गोळा झाले.
दोन्या फ्लोरिबेतने तुकडा भिंगाखाली धरला,
मग माझं बोट धरलं.

टोक चांगलं आहे, म्हणाली.
ही तुझ्या नखाची कड.
काप.